चार्जिंगची हत्यारे घेताना : आधी बॅटरी पारखा, मग यंत्र



गळीत हंगाम आटोपत येतो, उसाची बिले खात्यावर पडू लागतात, आणि त्याच सुमारास बाजारात नवनव्या वस्तूंची रेलचेल सुरू होते. अलीकडच्या काळात या वस्तूंमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांची भर पडली आहे. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर हिरवी, निळी, केशरी यंत्रे मांडलेली असतात. ड्रिल आहे, ग्राइंडर आहे, फांद्या कापायची वीतभर करवत आहे, नटबोल्ट खोलायचा पाना आहे. ‘दोन बॅटऱ्या फुकट, चार्जर फुकट, वर पेटी फुकट’ असा पुकारा चाललेला असतो. आपल्यापैकी बऱ्याच सभासदांच्या घरी यातले एखादे तरी यंत्र आलेले आहे आणि काहींच्या घरी ते कोनाड्यात गप्प पडूनही आहे.

आम्हाला सभासद भेटले की हमखास विचारतात, ‘साहेब, कोणत्या कंपनीचं घ्यावं?’ आमच्या मते या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. यंत्र कोणाचे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न बॅटरी कसली, हा. कारण यातली मोटर साधी असते आणि बरीच वर्षे टिकते. जाते ती बॅटरी. किमतीचा मोठा वाटाही बॅटरी आणि चार्जर यांचाच असतो. बैल बघताना आपण शिंगे रंगवलेली आहेत की नाहीत ते बघत नाही, दात मोजतो. इथेही तेच करायचे आहे.

ही हत्यारे आपल्या उपयोगाची आहेत, याबद्दल मात्र आमच्या मनात शंका नाही. शहरातल्या माणसाला भिंतीतून वायर ओढली की झाले. आपल्याकडे विहीर घरापासून लांब, शेतातली वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि ज्यांनी सौर पंप बसवला त्यांच्या विहिरीवर तर दुसरी वीजच नाही. मग ठिबकच्या सबमेनला छिद्र पाडायचे असो की गेटची बिजागरी बसवायची असो, आपण स्टार्टरच्या पेटीतून दोन तारा काढून शंभर फूट वायर ओलीतून ओढत नेतो. या सवयीने गावोगाव माणसे दगावली आहेत. ओल्या सरीत वायर नाही, एवढ्या एकाच कारणासाठीही बॅटरीचे ड्रिल आम्ही चांगले म्हणू.

पण बॅटरीत किती दम असतो, याचा अंदाज आधी घेतला पाहिजे. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर व्होल्ट लिहिलेले असतात आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट-तास येतात. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटात अशा अकरा बॅटऱ्या भरतील, चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरली तर नऊ-दहा. भरायचा खर्च नगण्य आहे, हे यावरून दिसतेच. आता उलट बाजूने पाहा. साडेसात अश्वशक्तीची विहिरीवरची मोटर हीच बॅटरी सुमारे एका मिनिटात पिऊन टाकील. जोर देऊन दाबलेला ग्राइंडर पाच-सहाशे वॅट ओढतो, म्हणजे ९० वॅट-तासांची बॅटरी त्यावर दहा मिनिटे चालली तर ठीक चालली म्हणायची. स्क्रू बसवायला आणि पाइपला छिद्रे पाडायला हीच बॅटरी दोन-चार दिवसही पुरेल. थोडा वेळ, थोडा जोर, आणि वीज नसलेली जागा, ही या हत्यारांची खरी जागा. दिवसभराचे कष्टाचे काम त्यांच्या गळ्यात मारू नये.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. इथेच फसवणूक होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या बॅटरीच्या आत लिथियमच्या गोल नळकांड्या असतात. त्यांना सेल म्हणतात. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. अशा एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरला की तो ४.२ पर्यंत जातो. पाच सेल ओळीने जोडले की पाच गुणिले ३.६, म्हणजे १८ व्होल्ट. तेच पाच सेल पूर्ण भरलेले मोजले तर २१ व्होल्ट. तेव्हा एकाच्या डब्यावर १८, दुसऱ्याच्या डब्यावर २० आणि तिसऱ्याच्या डब्यावर २१ लिहिलेले दिसले, तर त्यात चढउतार काही नाही. तिन्हींच्या पोटात पाच-पाचच सेल आहेत. कोणी सकाळी वजन केले, कोणी जेवल्यावर केले, इतकाच फरक. ‘याच्यापेक्षा तीन व्होल्ट जास्त आहे, म्हणून पाचशे रुपये जास्त’ असे कोणी म्हणाले, तर हसून पुढच्या दुकानात जावे.

इथपर्यंत ठीक. पण बाजारात ४८, ८८, अगदी १२८ असे आकडे छापलेले डबेही येतात. आकाराने मात्र ते त्याच हातभर यंत्राला बसणारे, तळहातात मावणारे. खऱ्या ४८ व्होल्टसाठी तेरा-चौदा सेल ओळीने लागतात. ते एवढ्याशा डब्यात मावायचे कसे? असे डबे उघडले की बहुतेक वेळा आत पाचच सेल ओळीने निघतात. आकडा नुसता छापलेला. याची तपासणी करायला इंजिनिअर लागत नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात किंवा वायरमनच्या पिशवीत मीटर असतो. बॅटरी पूर्ण भरून तिच्या दोन टोकांवर मीटर धरायचा. वीस-एकवीस दाखवला तर ती १८ व्होल्टची बॅटरी आहे, डब्यावर ब्रह्मदेवाने काही लिहिले असले तरी.

अँपिअर-तासांची थाप याहून मोठी असते. वर सांगितलेल्या मापाच्या एका सेलमध्ये दीड ते साडेतीन अँपिअर-तास मावतात. साडेतीन म्हणजे अगदी उत्तम प्रतीचा, महाग सेल. पाच सेलांची एक ओळ असेल तर बॅटरी तेवढीच. पाचांच्या दोन ओळी, म्हणजे दहा सेल असतील, तर दुप्पट. अलीकडे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब असा मोठा सेलही निघाला आहे, त्यात चार-पाच अँपिअर-तास मावतात. तो धरला तरी छोट्या डब्यावर ‘१५ अँपिअर-तास’ लिहिलेले खरे असू शकत नाही. याची पारख वजनाने होते. लहान सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, मोठा सुमारे ७० ग्रॅम. दहा लहान सेलांची, पाच अँपिअर-तासांची प्रामाणिक बॅटरी डब्यासकट सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत पाचच सेल आहेत हे न उघडता कळते. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण सभासद मंडळी जेवढे डोळ्यांत तेल घालून उभे असता, त्याच्या निम्मी दक्षता किराणा दुकानाच्या तराजूवर दाखवली तरी पुष्कळ पैसे वाचतील.

एक तपासणी दुकानातच करावी. नुसते यंत्र हवेत फिरवून दाखवतात ते पाहून भुलू नये, हवेत सगळेच फिरते. बाभळीच्या लाकडाचा तुकडा बरोबर न्यावा आणि त्यात दहा मिलिमीटरचे ड्रिल उतरवून दाखवायला सांगावे. हलके सेल असतील तर ओझे पडल्याबरोबर दाब कोसळतो आणि यंत्र मध्येच थांबते. दुकानदाराने नकार दिला, तरी उत्तर मिळालेच म्हणायचे.

आता घराण्याविषयी. प्रत्येक कंपनीने बॅटरीची खोबण आपापली ठेवली आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. म्हणजे आपण पहिले ड्रिल घेतो तेव्हा खरे तर त्या बॅटरीच्या घराण्याशी सोयरीक करत असतो. पुढचा ग्राइंडर, पुढची करवत त्याच घराण्यातली घेतली तर नुसते यंत्र घ्यावे लागते, बॅटरी आणि चार्जर घरचेच चालतात, आणि खर्च बराच खाली येतो. वेगवेगळ्या घराण्यांची चार यंत्रे घेतली तर चार चार्जर, आठ बॅटऱ्या, आणि ऐनवेळी हवी ती एकही भरलेली नाही, असा संसार होतो.

यात आणखी एक मेख आहे. एकाच कंपनीत दोन-दोन घराणी असतात. बॉशची घरगुती कामाची हिरवी हत्यारे आणि कारागिरांची निळी हत्यारे दोन्ही १८ व्होल्टची, पण एकीची बॅटरी दुसरीला चालत नाही. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी तिच्याच ४० व्होल्टच्या यंत्राला बसत नाही. स्टीलमध्येही लहान, मध्यम, मोठ्या यंत्रांच्या बॅटऱ्या निराळ्या आहेत. तेव्हा नुसते नाव जुळवून भागत नाही, बॅटरी प्रत्यक्ष लावून बघावी. उलट बाजारात अशीही यंत्रे आहेत की ज्यांनी नामांकित कंपनीच्या खोबणीची हुबेहूब नक्कल केली आहे. ती बॅटरी बसते, यंत्र चालते. पण खोबण जुळली म्हणजे आतले संरक्षण जुळले असे नव्हे. चांगल्या बॅटरीत प्रत्येक सेलचा दाब आणि उष्णता पाहणारी छोटी पाटी असते, ती वेळेवर वीज तोडते. स्वस्त नकलेत पहिली काटछाट याच पाटीवर होते. बॅटरीवर भारतीय मानकाचा क्रमांक, आय.एस. १६०४६, आणि त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहून घ्यावे.

आमची सूचना अशी की भावकीतल्या दोन-तीन घरांनी एक विचार करून एकच घराणे धरावे. एकाकडे ग्राइंडर, दुसऱ्याकडे पाना, तिसऱ्याकडे करवत, आणि बॅटऱ्या सगळ्यांच्या सगळ्यांना चालतील. बांधावरून भांडणे असली तरी बॅटरीवरून जमायला हरकत नसावी.

कोणते यंत्र कशाला, ते आता थोडक्यात. ड्रिल सर्वांत आधी घ्यावे. ठिबकच्या सबमेनला ग्रोमेटच्या मापाची छिद्रे, पत्र्याचे स्क्रू, दाराची कडी, घरात खुंटी, अशी रोजची कामे त्याने होतात. विटांच्या भिंतीसाठी ठोका देणारे, म्हणजे हॅमरची सोय असलेले घ्यावे. स्लॅबला छिद्र पाडायचे असेल तर मात्र हे ड्रिल घेऊन झुंजू नये, त्याला मोठे रोटरी हॅमर लागते आणि ते भाड्याने मिळते. परवडत असेल तर बिनकार्बनची मोटर, जिला ब्रशलेस म्हणतात, ती घ्यावी. डायनामोचे कार्बन झिजलेले आपण पाहतोच. ते झिजणे यात नाही आणि बॅटरीही जास्त पुरते.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी ड्रिलच्या बरोबरीने इम्पॅक्ट पान्याचा विचार करावा. सहा फुटी रोटाव्हेटरला चाळीसेक पाती, एकेका पात्याला दोन-दोन बोल्ट, आणि ते मातीने गच्च गंजलेले. हे काम ज्यांनी उताणे पडून हाताने केले आहे त्यांना अधिक सांगायला नको. मात्र खोलायला हा पाना आणि शेवटचा आवळा हाताच्या पान्याने, एवढा नियम पाळावा. बेसुमार आवळला की आटे जातात.

वीतभर करवत मोसंबीची सल काढायला, वाळक्या फांद्या उतरवायला, बोराटी तोडायला सोयीची. पैठण भागात मोसंबी आहेच, त्यामुळे तिला मागणीही दिसते. साखळीला तेल देत राहिले पाहिजे, आणि हलकी म्हणून एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने करवत चालवण्याचा मोह आवरला पाहिजे. चार्जिंगच्या कात्रीलाही हीच गोष्ट लागू. अंगठ्याएवढी फांदी जिला काकडीसारखी आहे, तिला अंगठा आणि फांदी यांतला फरक कळत नाही.

गवत कापायचे बॅटरीचे यंत्र अंगणापुरते आणि परसबागेपुरते ठीक. बांधाचे वाळलेले गवत, तुटाळी, किंवा ऊस गेल्यावर खोडव्याचे बुडखे छाटणे, यासाठी त्याच्या नादी लागू नये. त्या कामाला पेट्रोलचे दोन अश्वशक्तीचे यंत्रच बरे. तेवढी ताकद द्यायची तर ९० वॅट-तासांची बॅटरी चार मिनिटांत संपते, हिशेब वर दिलाच आहे. कोणी ‘उसासाठी खास’ म्हणून विकत असेल तर त्याला आपल्या फडात आणून चालवून दाखवायला सांगावे.

ग्राइंडरबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. सर्वांत जास्त दुखापती यानेच होतात. त्याच्या चकतीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, १०० मिलिमीटरच्या चकतीवर बहुधा मिनिटाला १५ हजारांच्या वर. यंत्राचे फेरे त्याहून कमी आहेत हे पाहावे. लाकूड कापायची दात्यांची पाती ग्राइंडरला लावण्याची एक वाईट पद्धत पसरली आहे. ती चकती लाकडात अडकली की यंत्र उसळून थेट मांडीवर नाहीतर तोंडावर येते. वरचे लोखंडी झाकण ‘मध्ये येते’ म्हणून काढून टाकणारेही आहेत. झाकण मध्ये येते ते तुमच्या आणि फुटलेल्या चकतीच्या मध्ये. पन्नास-शंभर रुपयांचा चष्मा घ्यावा. लोखंडाची ठिणगी डोळ्यात रुतली की संभाजीनगर गाठावे लागते, आणि तोवर डोळा लाल झालेला असतो.

कोयत्याला धार लावायला ग्राइंडर सर्रास वापरला जातो. तो दाबून धरला की पाते निळे पडते. निळे पडले म्हणजे पाणी उतरले, ती धार मग दोन दिवसही टिकत नाही. लोहार कोयता पाण्यात का बुचकळतो, ते आपल्याला ठाऊक आहे. हलक्या हाताने, थांबत थांबत, मध्ये पाण्यात बुडवत धार लावावी. ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांना तर हे आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांतले जाणते लोक अजून कानसच पसंत करतात.

फवारणीचा चार्जिंग पंप हे आपल्याकडे सर्वांत आधी आलेले बॅटरीचे हत्यार, आणि सर्वांत जास्त मरणारेही. बहुतेक पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. शिशाच्या आणि लिथियमच्या बॅटरीचे स्वभाव उलट आहेत, हे लक्षात न घेतल्याने बॅटऱ्या मरतात. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पाट्यांवर क्षार धरतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. शेवटची फवारणी झाली, पंप धुऊन माळ्यावर टाकला, आणि पुढच्या मोसमात काढला तर बॅटरी गेलेली, हे घरोघरी घडते. ती ठेवताना पूर्ण भरून ठेवावी आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा भरावी. लिथियमची बॅटरी मात्र पूर्ण भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने ठेवू नये, आणि अगदी रिकामीही ठेवू नये. निम्मी भरलेली, थंड कोरड्या जागी, ही तिची सुखाची अवस्था.

शिशाची बॅटरी गेली की तिच्या जागी हलकी म्हणून लिथियमची बसवण्याचा उद्योग काही जण करतात. वजन निम्म्याहून कमी होते, खांद्याला आराम पडतो, सगळे खरे. पण चार्जर जुनाच ठेवतात, आणि तो घोटाळा आहे. शिशाचा चार्जर साडेचौदा व्होल्टच्या आसपास जातो. तीन सेलांची लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. पुढे ढकलत राहिले तर ती तापते, फुगते, आणि संरक्षणाची पाटी नसेल तर पेट घेते. बॅटरी बदलली की चार्जर तिच्याच जातीचा बदलायचा, यात काटकसर नाही.

पंपाच्या संदर्भात आणखी एक. बॅटरीचा पंप एकसारखा दाब देतो, हात दुखत नाही, म्हणून माणूस थांबत नाही. बारीक तुषार तोंडावर येत राहतात आणि तासन्‌तास अंगावर औषध बसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. हातपंपाने माणूस थकून तरी थांबत असे. पंप थकत नाही म्हणून थांबण्याचे भान आपल्यालाच ठेवावे लागते. तोंडाला मास्क, हातात मोजे, वारा पाठीमागून, आणि ऊन चढण्याआधी काम बंद.

मराठवाड्यातला उन्हाळा हा या बॅटऱ्यांचा मोठा शत्रू आहे. चैत्र-वैशाखात बाहेर ४० अंशांच्या वर पारा, मग पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत काय होत असेल? या उष्णतेत लिथियमची बॅटरी वापर न करताही म्हातारी होते. काम झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. अर्धा तास सावलीत निवू द्यावी. भरायची तर सकाळी लवकर किंवा रात्री जेवणे झाल्यावर, घरात, जागे असताना. ठेवायची जागा म्हणजे घरातला कोनाडा. गोठ्यात, कडब्याच्या गंजीला लागून, पाचटाच्या किंवा वेचलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी चार्जर लावून झोपी जाणे म्हणजे विस्तव उशाशी घेण्यासारखे आहे. फुगलेली, आपटलेली, पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा भरू नये. ती घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवावी, टोचून बघू नये.

जाता जाता थोडा इतिहास, कारण पोरे विचारतात. बॅटरीवरचे पहिले ड्रिल अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. दहा वर्षांनी, १९७१ साली, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी बॅटरीचे ड्रिल चंद्रावर नेऊन तिथली जमीन पोखरली. सुमारे अडीच मीटर खोल नळी गेली खरी, पण ती अशी रुतून बसली की उपसून काढायला दोघांना जोर लावावा लागला. बोअरवेलचे पाइप अडकलेले ज्यांनी पाहिले त्यांना चंद्रावरही काही निराळे घडले नाही याचे समाधान वाटेल. तेव्हाच्या बॅटऱ्या जड आणि लवकर दमणाऱ्या. लिथियमची बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने विक्रीला आणली, हत्यारांत ती २००५ च्या सुमारास आली, आणि तिच्या मूळ संशोधनाबद्दल २०१९ साली तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि आता ही बॅटरी आपल्या शिवारात येऊ घातली आहे. बिडकीनची औद्योगिक वसाहत २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. त्याच वर्षी एथर कंपनीने विजेच्या स्कूटर आणि त्यांच्या बॅटऱ्या बनवण्याचा कारखाना इथे घालण्याचे जाहीर केले, आणि टोयोटा किर्लोस्करने मोटारींच्या कारखान्यासाठी शासनाशी करार केला. ज्या जमिनीत काल ज्वारी, कापूस आणि काही ठिकाणी ऊसही होता, त्या जमिनीवर हे होणार आहे. जमिनी गेलेल्या घरांतल्या मुलांना तिथे नुसती पहारेकऱ्याची नोकरी मिळावी, असे आम्हाला वाटत नाही. आयटीआयला जाणाऱ्या मुलाने आज घरच्या ड्रिलची बॅटरी मीटरवर मोजायला शिकावे, सेल म्हणजे काय हे समजून घ्यावे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला तेव्हा ज्यांच्या हाताला पान्याची सवय होती त्यांना आत शिरायला सोपे गेले. या वेळी मीटरची सवय लागेल.

खरेदी करताना पक्के बिल घ्यावे. हमी बिलावर चालते, ओळखीवर नाही. यंत्राचा आणि बॅटरीचा, दोन्हींचे क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत, कारण पुष्कळदा यंत्राची हमी एक असते आणि बॅटरीची निराळी, कमी मुदतीची. दुरुस्तीचे केंद्र संभाजीनगरात आहे की थेट पुण्याला पाठवावे लागते, कार्बन, स्विच, चार्जर सुटे मिळतात का, हे घेण्याआधी विचारावे. सुटा चार्जर न मिळणारे यंत्र पहिल्या विजेच्या झटक्यापर्यंतच आपले.

शेवटी जुन्या बॅटरीचे काय, हा प्रश्न राहतो. शिशाच्या बॅटरीला मोड किंमत असते, नवी घेताना जुनी देऊन पैसे वळते होतात, त्यामुळे ती सहसा वाया जात नाही. लिथियमच्या जुन्या बॅटरीला खेड्यात कोणी विचारत नाही, म्हणून ती उकिरड्यावर जाते, नाहीतर भंगारवाला हातोड्याने फोडतो. दोन्ही धोक्याचे आहे. केंद्र सरकारने २०२२ साली केलेल्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. तेव्हा टोकांवर चिकटपट्टी लावून ती पोरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, आणि पुढच्या वेळी संभाजीनगरला जाताना बिलासकट पिशवीत घालून कंपनीच्या दुकानात परत करावी.